अमूर्त चित्रांसमोर उभं राहून नेमकं बघायचं काय?

संथवाचन

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेय. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर एका चित्रप्रदर्शनाला गेले होते, सगळी अमूर्त चित्रं होती. ती एकेका चित्रासमोर पाच-पाच मिनिटं उभी राहत होती आणि मी तिच्या शेजारी उभी राहून खालची पाटी वाचत होते, पाटीवर 'शीर्षकहीन' एवढंच. एका मोठ्या करड्या चित्रापुढे तिचे डोळे भरून आले. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, पण घरी येईपर्यंत मला आतून टोचत राहिलं की हिला जे दिसलं ते मला का नाही दिसलं.

मला चित्रं आवडत नाहीत असं नाहीये. निसर्गचित्र असो, कोणाचं पोर्ट्रेट असो, मी रमते. पण अमूर्त समोर आलं की डोकं लगेच शोधायला लागतं, हा डोंगर असेल का, हा चेहरा असेल का, हे पाणी वाटतंय, आणि काहीच हाती लागलं नाही की संपलं, पुढचं चित्र. यावर दोन-तीन लेख पण वाचले, त्यात अवकाश, ताण, अंतर्मन असे शब्द येतात, वाचताना कळल्यासारखं वाटतं पण चित्रासमोर गेल्यावर डोळ्यांनी काय करायचं हे त्यातून कळत नाही.

ज्यांना आधी अजिबात कळायचं नाही आणि नंतर मनापासून आवडायला लागलं त्यांनी प्लीज सांगा, तुमचं काय बदललं? 'फक्त अनुभव घ्या' हे खूप जणांनी सांगून झालंय.

पानगळ

माझं दार मोंद्रियान या डच चित्रकाराच्या झाडांनी उघडलं, म्हणून तेच सांगते.

त्याची लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांची चित्रं आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे बघितलेली असतात आणि मला ती कायम बाथरूमच्या टाइल्ससारखी वाटायची. मग कधीतरी त्याची तीन झाडं एकापाठोपाठ एक बघण्यात आली. पहिलं लाल झाड, 1908 ते 10 मधलं, झाडच आहे, खोड आहे, फांद्या आहेत, फक्त रंग वेगळाय. दुसरं 1911 चं करडं झाड, यात फांद्या वाकून वाकून कमानी झाल्यात आणि फांद्यांमधली हवा फांद्यांइतकीच जड दिसायला लागलीय. तिसरं 1912 चं, फुललेलं सफरचंदाचं झाड असं नाव आहे पण फूल एकही नाही, नुसत्या वक्र रेषा एकमेकींना छेदतायत. तिन्ही शेजारी शेजारी लावून बघा, हेगच्या संग्रहालयात आहेत, नेटवर सहज मिळतात. माणूस चार वर्षांत काय काय सोडत गेला आणि काय त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं हे बोट ठेवून दाखवता येतं.

मला तेव्हा कळलं की झाड गेलं तरी झाडात जे चाललं होतं, म्हणजे वरचा जोर, आडवा पसारा, मधल्या मोकळ्या जागा, ते शिल्लक आहे. आणि मी इतकी वर्षं जे गेलं तेच शोधत बसले होते.

तुम्ही डोंगर-चेहरा शोधता म्हणालात ना, ते बंद करायला जाऊ नका, बंद होतच नाही ते. शोधू दे त्याला, दोन मिनिटांत दमतं. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं, आणि बहुतेक जण (मीसुद्धा) दमल्यावर लगेच पुढच्या चित्राकडे जातो.

ओला_रंग

मी स्वतः रंगवतो, हौशी आहे, तर माझं सांगणं जरा वेगळं आहे. अर्थ बाजूला ठेवा, आधी हे केलंय कसं ते बघा. आधी कुठला रंग लागला, नंतर कुठला, कुठे ओल्यावर ओला गेलाय, कुठे वाळल्यावर, कुठे खरवडलंय, कुठे ब्रश थांबून परत सुरू झालाय. कडा बघा. कॅनव्हासच्या कडांवर खालचे थर डोकावतात, तिथे चित्राचा सगळा इतिहास सापडतो.

चित्रकार वासुदेव गायतोंडे हे मला यासाठीच सगळ्यात जवळचे. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंग चढवायचा, काढायचा, परत चढवायचा, कागदाचे तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर ठेवायचे आणि उचलायचे, मग जे ठसे राहतात ते कुठल्याच ब्रशने येणार नाहीत असे. वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास पूर्ण व्हायचे त्यांचे. बाकी सगळा वेळ विचार. त्यांना ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त, हा शब्दही पसंत नव्हता, ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे एखाद्या वस्तूचं सार काढून चित्र केलंय असं नाही, मुळात वस्तूपासून सुरुवातच नाही. हा फरक महत्त्वाचा आहे कारण मोंद्रियानच्या झाडात तुम्ही मागे जाऊन झाड शोधू शकता, इथे मागे जायला काही नाहीच, समोर जो प्रकाश आहे तेवढाच. (पानगळ, तुमचं उदाहरण झकास आहे, पण सगळ्या अमूर्ताला ते लागू नाही एवढंच म्हणायचंय.)

आणि घरी एक करून बघा. चार-पाच रंगांचे कागद घ्या, कापा, पांढऱ्या कागदावर मांडा, चिकटवू नका. नुसते सरकवत राहा. एक वेळ अशी येते की एक तुकडा बोटभर डावीकडे नेला की सगळं जुळतं आणि परत उजवीकडे आणला की मोडतं. का ते सांगता येत नाही पण दिसतं हे नक्की. तासभर हे केलं की दुसऱ्याच्या चित्रात पण तो बोटभर फरक दिसायला लागतो.

सरळसांगतो

मला राग नाही कोणाचा पण मनात आहे ते बोलतो. मी बरीच वर्षं प्रयत्न केलाय, प्रदर्शनं बघितली, व्याख्यानं ऐकली, आणि अजूनही अर्ध्याहून जास्त अमूर्त चित्रांसमोर मी कोरडाच राहतो. मालेविच या रशियन चित्रकाराचा काळा चौकोन, 1915 चा, लोक त्याच्यावर पानंच्या पानं लिहितात, मला काळा चौकोन दिसतो. आणि 2022 मध्ये बातमी होती ना, मोंद्रियानचंच न्यूयॉर्क सिटी वन हे चित्र जर्मनीतल्या संग्रहालयात कित्येक दशकं उलटं टांगलेलं होतं म्हणून, इतक्या तज्ज्ञांपैकी कोणाला एवढी वर्षं पत्ता नाही लागला. मग वर-खाली याला अर्थच नसेल तर तुम्ही जो बोटभर फरक म्हणताय तो खरा की आपणच मानून घेतलेला? हे मी वाद घालायला नाही म्हणत, मला खरंच जाणून घ्यायचंय.

पानगळ

सरळसांगतो, हा प्रश्न मलाही छळायचा. ती बातमी आली तेव्हा मी एक केलं, त्या चित्राचा फोटो मोबाइलवर घेतला आणि फिरवून फिरवून बघितला. ते रंगीत चिकटपट्ट्यांचं आहे, 1941 चं. पट्ट्यांची गर्दी एका बाजूला जास्त आहे. टांगलंय तसं ठेवलं की गर्दी खाली येते आणि चित्र जमिनीवर टेकून बसल्यासारखं दिसतं, स्थिर, जड. उलटं केलं की गर्दी वर जाते, खाली मोकळं होतं आणि सगळं वरून लोंबतंय, खाली उतरतंय असं वाटतं. पट्ट्या त्याच, एकही हललेली नाही, तरी दोन वेगळी चित्रं झाली. म्हणजे वर-खालीला अर्थ आहेच. तज्ज्ञांनी चुकीच्या बाजूने बघितलं इतकंच, आणि त्या बाजूनेही ते चित्र उभं राहिलं. आता पट्ट्या सुटून येतील या भीतीने ते तसंच ठेवलंय.

अमूर्त चित्र 'लहान मूल पण काढेल' असं लोक म्हणतात ना, त्यावर 2011 मध्ये एक अभ्यास झाला होता, चित्रकारांची अमूर्त चित्रं आणि लहान मुलांनी, माकडांनी, हत्तींनी केलेली चित्रं अशा जोड्या लोकांना दाखवल्या, काही ठिकाणी तर नावाच्या पाट्या मुद्दाम अदलाबदल करून. तरी नुसत्या अंदाजाने झालं असतं त्यापेक्षा जास्त वेळा लोकांनी चित्रकाराचंच निवडलं. दर वेळी नाही, चुकले पण बरेचदा. पण काहीतरी दिसत असतं डोळ्याला.

काळ्या चौकोनाचं म्हणाल तर तो फोटोत बघून काही होत नाही हे मान्य. पृष्ठभाग सगळा तडकलाय आणि त्या चिरांतून खालचे रंग दिसतात. 2015 मध्ये तो ज्या संग्रहालयात आहे त्यांनी तपासणी केली तेव्हा खाली आणखी दोन रंगीत रचना निघाल्या. आणि पहिल्यांदा लावला तो खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, रशियन घरात जिथे देवाची प्रतिमा लावतात तिथे. हे कळल्यावर तो आवडलाच पाहिजे असं नाही, मलाही तो 'आवडतो' असं नाही म्हणता येणार. पण नुसता चौकोन नाही राहिला.

दीडफूट

पानगळ +१.

मूळ प्रश्नाला एकच जोडतो, अंतर. रोथको या अमूर्त चित्रकाराला त्याची मोठी चित्रं माणसाने दीडेक फुटावरून बघावीत असं वाटायचं. आपण जातो आणि पूर्ण चित्र नजरेत मावेल इतके लांब उभे राहतो, मोबाइलवर तर ते अंगठ्याएवढं होतं आणि मग म्हणतो यात काहीच नाही. जवळ गेलं की कडा नजरेतून निघून जातात, पातळ पातळ थर एकावर एक दिसतात, दोन रंग जिथे भेटतात ती धूसर पट्टी हलल्यासारखी वाटते. मी आधी जवळून बघतो, मग मागे येतो. उलटं केलं की मला जमत नाही.

संगीताची उपमा सगळे देतात, सुरांना अर्थ असतो का वगैरे, मला तिचा काही उपयोग नाही झाला. पायांनी झाला.

आणि एका भेटीत दोन-तीनच चित्रं. चाळीस बघितली की डोळा बंद पडतो.

संथवाचन

सगळ्यांचे खूप आभार. सरळसांगतो, तुमचे विशेष, कारण मला विचारायला संकोच वाटत होता ते तुम्ही विचारलंत.

प्रदर्शनाचे शेवटचे दोन दिवस राहिले होते, काल मैत्रिणीला घेऊन परत गेले. ठरवून फक्त ते करडं चित्र. आधी डोकं नेहमीसारखं शोधत बसलं, ढग, धुकं, भिंत, मग खरंच दमलं. मग जवळ गेले. ते करडं नाहीच आहे! निळसर करडा, त्याच्या शेजारी हिरव्याकडे झुकणारा, मधेच जरा तांबूस, आणि खाली डाव्या कडेला वरचा थर पोचलेला नाही तिथे बोटभर नारिंगी पट्टी उघडी राहिलीय. ती दिसल्यावर मागे आले तर सगळं चित्र आतून कोमट वाटायला लागलं. आधीच्या वेळी मला ते थंड वाटलं होतं, एवढं मला पक्कं आठवतंय. वीस मिनिटं झाली होती, कळलंच नाही.

बाहेर आल्यावर मैत्रिणीला विचारलं, त्या दिवशी तुला काय झालं होतं? म्हणाली, मधोमध एक उभी खरवड आहे ना, ती वरून निघते आणि खाली पोचायच्या आधी सोडून दिलीय, तिथे. मी ती खरवड दोन्ही वेळा बघितलीच नव्हती. आणि तिने नारिंगी पट्टी. उद्या शेवटचा दिवस आहे, दोघी परत जातोय.