अंकोरवाटचा सूर्योदय : एवढ्या पहाटे जावं का?

बी-४०२ : नमस्कार मंडळी, आम्ही ख्रिसमसच्या सुट्टीत कंबोडियाला चाललोय, मुक्काम सिएम रीपला. एजंट म्हणतोय सूर्योदयाची गाईडवाली टूर घ्या, पहाटे साडेचारला हॉटेलवरून उचलणार आणि दुपारपर्यंत अंकोरवाट, बायॉन, ता प्रोम ही देवळं दाखवून परत सोडणार. सासूबाई बरोबर आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना. न्यावं का एवढ्या पहाटे, की सूर्योदय सोडून आरामात नऊला निघावं? कोणी जाऊन आलंय का?

सी-१०१ : मी व्हिडिओ बघितले वहिनी, तळ्याच्या काठी नुसते हात वर आणि मोबाइल. देऊळ कमी माणसंच जास्त. मला नाही वाटत एवढी झोपमोड करण्यात अर्थ आहे.

ए-३०४ : आम्ही गेलो होतो. पहाटेच जा, पण फक्त सूर्योदयासाठी नाही, त्यानंतरच्या दीड तासासाठी जा. ख्मेर, म्हणजे कंबोडियाची जुनी देवळं बहुतेक पूर्वेकडे तोंड करून असतात, अंकोरवाटचं तोंड पश्चिमेला, म्हणून आपण समोर उभे असतो आणि सूर्य शिखरांच्या मागून येतो. आत गेल्यावर डावीकडचं तळं गाठतात सगळे, पाचही शिखरं पाण्यात दिसतात म्हणून, तिथे गर्दी असते हे खरंच आहे. पण उजाडलं रे उजाडलं की निम्मी माणसं नाष्ट्याला पळतात!! तेव्हा गाईडला म्हणायचं आधी गॅलरीत, म्हणजे भिंतीवर कोरीवकाम आहे त्या ओवरीत चला, चहा मागाहून.

ए-३०४ : पश्चिमेच्या भिंतीवर दक्षिणेकडच्या भागात अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय. डावीकडून कौरव येतात उजवीकडून पांडव आणि मध्ये नुसती कापाकापी, खाली पायदळ, वर हत्ती आणि रथ, भीष्म बाणांवर पडलेले, अर्जुनाच्या रथावर सारथी कृष्ण आणि त्याला चार हात. पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन, जवळजवळ ४९ मीटर लांब, एका बाजूला ९२ असुर दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकी धरून ओढतायत, मध्ये विष्णू, खाली कूर्म. तिथे जरा वाकून खालची पट्टी बघा, मासे मगरी कोरल्यात आणि मंदार पर्वताच्या जवळ जाल तसे त्यांचे तुकडे झालेले दाखवलेत, पाणी तिथे किती जोरात घुसळतंय ते कळावं म्हणून. वासुकीच्या शेपटीच्या टोकाला एक माकड आहे, त्याला हनुमान म्हणतात. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं तेव्हा हे मंथन उठून दिसतं, नऊला निघालात तर पोचेपर्यंत उन्हाने जीव जाईल आणि ग्रुपच्या ग्रुप उभे असतील समोर.

बी-४०२ : अगं हे माहीतच नव्हतं, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आत्ताच तयार झाल्यात. पण चढ किती आहे?

ए-३०४ : गॅलरी खालच्याच पातळीला आहे, थोड्या पायऱ्या आहेत पण हळूहळू जमतं. सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तो मात्र खूप उभा, तो आजींनी सोडावा, त्यांना खाली सावलीत बसवा. गाडी परत जाताना पूर्वेच्या दरवाज्याला बोलवा, म्हणजे समुद्रमंथन बघून तसंच बाहेर, पुन्हा एवढं लांब उलटं चालायला नको. आणि आत शिरताना पश्चिमेच्या प्रवेशद्वारातच अष्टभुजा विष्णूची मोठी मूर्ती आहे, अजून पूजेत आहे, लोक उदबत्त्या लावतात, तिथे आजींना नक्की थांबवा.

ए-७०४ : मूळ देऊळ विष्णूचंच, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधायला घेतलं, पुढे ते बौद्धांचं झालं. बायॉन आणि ता प्रोम नंतरची, सातव्या जयवर्मनची, तो बौद्ध होता. ता प्रोम ११८६ चं, आईच्या नावाने. आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ अंकोरवाटला काम केलं आणि नंतर ता प्रोमला, भिंतीवर चढलेली झाडं न तोडता देऊळ सावरायचं हे फार अवघड काम आहे, तिथे गेल्यावर दोन मिनिटं ते मनात ठेवून बघा.

सी-१०१ : काका हे भारी आहे. मी शब्द मागे घेतो वहिनी, जा पहाटे 🙏

बी-४०२ : तिकीट टूरमध्येच असतं ना?

ए-३०४ : बहुतेक वेळा नसतं, नीट विचार. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तिकिटावर आपला फोटो असतो, दुसऱ्याचं चालत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांना फुकट पण पासपोर्ट दाखवावा लागतो. तिकीटघर देवळाजवळ नाही, वेगळीकडे आहे, म्हणून पहाटे तिथे रांग लावण्यापेक्षा आधीच ऑनलाइन काढ. आणि खरं सांगू का, तीन दिवसांचंच काढ, एका दिवसात तीन देवळं म्हणजे आजींना दमवणं आहे, बायॉनचे ते दगडी चेहरे बघायला निवांत वेळ पाहिजे. शिवाय बांते स्रे राहून जाईल, ९६७ सालचं शंकराचं देऊळ, गुलाबी दगडात इतकी बारीक नक्षी की लाकडावर कोरल्यासारखी वाटते, ते लांब आहे आणि अर्ध्या दिवसाच्या टूरमध्ये बसत नाही.

बी-४०२ : बरं मग तीनचंच काढते. सूर्योदय किती वाजता असेल तेव्हा?

ए-३०४ : डिसेंबरअखेर सव्वासहाच्या पुढे, पण आत पाचपासून सोडतात. छोटा टॉर्च घ्या, वाट अंधारी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत सगळ्यांचे, आमच्या बरोबरच्या एका मुलीने स्लीव्हलेसवर ओढणी घेतली होती तरी बाकानवर सोडलं नाही तिला. गाईड लायसन्सवालाच घ्या, आणि बुक करतानाच विचारा की रिलीफ, म्हणजे भिंतीवरचं कोरीवकाम, समजावून सांगणार का नुसते फोटो काढून देणार.

बी-४०२ : विचारते आजच. पैसे तिथल्या चलनात, रीलमध्ये, बदलून घेऊ का?

ए-३०४ : गरज नाही, डॉलर सगळीकडे चालतात. फक्त नोटा कोऱ्या घ्या, कोपरा जरी फाटला असेल तरी परत करतात.