घंटागाडीसाठी दरमहा वेगळे पैसे द्यायला तुम्ही तयार आहात का?

इंदिरानगरची गृहिणी
मी तयार आहे, महिन्याला शंभर रुपये. अट अशी की गाडीची वेळ ठरलेली हवी आणि घरी वेगळा केलेला ओला-सुका कचरा गाडीतही वेगळाच राहायला हवा. नाशिकला घंटागाडी नव्वदच्या दशकापासून माहीत आहे, दारापर्यंत सेवा येते याची सवय आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरकर्ता शुल्काची, म्हणजे सेवा घेणाऱ्याने भरायच्या पैशांची, तरतूदही होती. मग चांगली सेवा मागताना खर्चाचा वाटा उचलायला का कचरायचं?

सिडकोकर
कारण तो वाटा आम्ही उचलतोच आहोत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कचरा उचलणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. घरपट्टी त्यासाठीच भरतो. २०१८ साली करयोग्य मूल्याचे, म्हणजे ज्यावर घरपट्टी ठरते त्याचे, दर वाढले तेव्हा शहर का पेटलं होतं, आठवा. लोकांना पैसे जड झाले होते हे खरंच, पण बदल्यात काय मिळणार हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, याचाही राग होता. एकदा शुल्क सुरू झालं की ते कधी बंद होत नाही.

सातपूर, दोघंही नोकरदार
तत्त्व पटतं हो, पण गाडी येते तेव्हा घरात कुणी नसतं त्यांनी काय करायचं? आमच्या सोसायटीत एक मावशी दारातून डबे घेऊन गाडीपर्यंत नेतात, त्यांचे पैसे आम्ही मेंटेनन्समधून देतो. म्हणजे फ्लॅटवाले आजच जास्तीचे पैसे मोजतायत, फक्त पावती पालिकेची नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा घेते आणि महिन्याचे पैसे थेट घरांकडून घेते. काम करणाऱ्याच्या हातात पैसे पडतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पंचवटीतला
आणि जुन्या वाड्यातल्या एका खोलीत पाच माणसं राहतात, त्यांचं काय? कॉलेज रोडच्या बंगल्याला आणि त्यांना शंभरच रुपये? ज्याला परवडणार नाही तो डबा गाडीत देणार नाही, अंधारात नासर्डी नदीच्या काठावर ओतेल. ते सगळं गोदावरीतच जातं. सिंहस्थ तोंडावर असताना हे नको. कचरा ही अशी गोष्ट आहे की शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत तरी त्याचा कचरा उचलावाच लागतो, नाहीतर डास तुमच्याही घरात येतात.

अर्थशास्त्र शिकवते
पहिल्याच उत्तरात शंभर रुपये आले आणि पुढेही तोच आकडा राहिला. ‘शंभर द्याल का?’ असं विचारलं की उत्तरं शंभराच्या आसपासच फिरतात. पन्नास म्हटलं असतं तर पन्नासच्या. शिवाय ‘देईन’ म्हणणं आणि खरंच देणं यात अंतर असतं. आधी सेवा कशी असेल ते ठरवून सांगा, मग आकडा विचारा.

इंदिरानगरची गृहिणी
पंचवटीतल्या दादांचं पटलं. सरसकट रक्कम नको. घराच्या क्षेत्रफळावर ठरवा, गरीब वस्त्यांना माफ करा. पण माझ्या अटी सोडत नाही, उलट आणखी दोन घालते: पालिकेच्या सहाही विभागांचा जमाखर्च वेगळा दाखवा आणि गाडी चुकली तर त्या दिवसाचे पैसे बिलातून वजा करा. पैसे भरणाऱ्याला जाब विचारायचा हक्क मिळतो, म्हणून मला भरायचे आहेत.

सिडकोकर
जाब विचारायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्याला आधीपासूनच आहे, ताई. तो वापरूया. आणि आधी करार बघा: घंटागाडीच्या ठेकेदाराला वजनावर पैसे दिले तर कचरा वेगळा ठेवण्यात त्याचा काय फायदा? ओला, भिजलेला, सगळा एकत्र केलेला कचराच जास्त भरतो. करारात वेगळ्या केलेल्या कचऱ्याला जास्त दर आणि एकत्र आणलेल्याला दंड, एवढं आधी लिहून घ्या. पाथर्डीच्या खत प्रकल्पात चांगला ओला कचरा पोहोचू लागला की शुल्काचा विषय पुन्हा काढा. तोवर माझा विरोध कायम.

सातपूर, दोघंही नोकरदार
कराराची मागणी मला मान्य. फक्त त्यात संध्याकाळची एक फेरीही घाला.