ऐच्छिक लढतींचे बक्षीस : उपयोगाचे असावे की मानाचे?

तापीकाठचा :
आरपीजी खेळांत (एखादे पात्र घेऊन, त्याची ताकद वाढवत कथा पुढे न्यायच्या व्हिडिओ गेममध्ये) मुख्य कथेच्या वाटेवर न येणाऱ्या, खेळाडूने स्वतः शोधून काढायच्या आणि मनात आले तरच अंगावर घ्यायच्या काही लढती असतात. शेवटच्या खलनायकापेक्षा त्या अनेकदा कितीतरी अवघड असतात, आणि त्या जिंकल्यावर हाती जे पडते ते बहुतेक वेळा त्याच क्षणी निरुपयोगी झालेले असते. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा लढतींना शस्त्रे, चिलखते, पैसा किंवा एक्सपी (पात्राची ताकद वाढवणारे अनुभवाचे गुण) यांचे आमिष लावूच नये. त्यांचे बक्षीस निव्वळ मानाचे असावे.

१९९७ च्या 'फायनल फँटसी ७'चे उदाहरण घ्या. जपानबाहेरच्या आवृत्तीत रुबी वेपन आणि एमराल्ड वेपन हे दोन अजस्र शत्रू नव्याने घातले गेले. एमराल्ड समुद्राच्या तळाशी भेटतो, आणि अंडरवॉटर मटेरिया (मटेरिया म्हणजे शक्ती देणारे गोळे) जवळ नसेल तर २० मिनिटांचे घड्याळ डोक्यावर चालूच राहते. त्याच्याकडून मिळालेली वस्तू काल्म गावातील प्रवाशाला दिली की तीन मास्टर मटेरिया पदरात पडतात. पण एमराल्ड पडल्यावर ते वापरायचे कोणावर, तर फार तर रुबीवर. रुबीची गोष्ट आणखी गमतीची आहे. त्याच्या बक्षिसाच्या बदल्यात तोच प्रवासी सोनेरी चोकोबो (सवारीचा मोठा पक्षी) देतो. आता रुबीला हरवण्यासाठी असंख्य खेळाडू 'नाइट्स ऑफ द राउंड' या शक्तीचा आधार घेतात, आणि ती ज्या बेटावर आहे तिथे सोनेरी चोकोबोवर बसूनच पोहोचता येते. ज्याच्या दावणीला एक चोकोबो आधीच बांधलेला आहे, त्यालाच दुसरा देण्यात काय हशील?

याउलट त्याच मालिकेच्या १९९२ च्या पाचव्या भागात ओमेगा या ऐच्छिक शत्रूला हरवल्यावर एक बिल्ला मिळतो. तो घालून ताकद वाढत नाही, तो कोणत्या दाराची किल्लीही नाही. तुम्ही ओमेगाला पाडलेत, एवढेच तो सांगतो. मला हे बक्षीस सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याच्या जोडीला त्या जगाच्या इतिहासाचे एखादे पान उलगडले तर आणखी उत्तम.

धुळेकर :
भाऊ, तुमचे म्हणणे ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्या सोयीचे आहे. दिवसभर दुकान सांभाळून रात्री जेवणानंतर तासभर खेळणाऱ्या माणसाला बिल्ल्यासाठी एकाच शत्रूपुढे वीस वेळा मरायला सांगणे ही चैन झाली. बक्षीस म्हणजे खेळ घडवणाऱ्याने दिलेला शब्द असतो, की इकडे आलात तर वेळ वाया जाणार नाही. तो शब्द काढून घेतला तर सर्वाधिक मेहनतीने बनवलेल्या लढतींकडे बहुतेक लोक फिरकणारच नाहीत.

तुम्ही दाखवलेला दोष खरा असला तरी तो बक्षिसाचा नसून क्रमाचा आहे. 'बाल्डर्स गेट ३'च्या तिसऱ्या अंकात हाऊस ऑफ होपमध्ये जाऊन राफाएल या सैतानाशी लढणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. लढाई चालू असताना हे महाशय स्वतःचेच गाणे ऐकवतात, त्यासाठी तरी जावे. तो पडला की त्याच्या अंगावरचे हेलडस्क चिलखत आपले होते, आणि शहराखाली अन्सुर या ड्रॅगनचा निकाल लावला की बाल्डुरानची तलवार हाती येते. या दोन्ही वस्तू मिळतात तेव्हा शेवटच्या मोठ्या लढाया अजून समोर उभ्या असतात, म्हणून त्या वापरायला मिळतात. त्या खेळात लेव्हल १२ च्या वर जाता येत नसल्यामुळे तोवर एक्सपीची किंमत जवळजवळ शून्यावर आलेली असते. अशा वेळी वस्तू नाही दिली तर देणार काय?

'एल्डन रिंग'मधील मलेनिया ही ऐच्छिक शत्रूही पाहा. तिचा प्रत्येक वार लागला की तिचेच आयुष्य (मार सोसण्याची क्षमता) भरून येते. ढालीवर झेलला तरी भरते. मध्येच ती हवेत उचलली जाते, क्षणभर थांबते आणि मग वारांचा असा झंझावात सुटतो की पहिल्या काही वेळा आपण कशाने मेलो हेही कळत नाही. तिला हरवून मिळालेली 'स्मृती' नावाची वस्तू बदलून तिची तलवार घेता येते, आणि तोच झंझावात आता आपल्या हातात येतो. या आनंदापुढे बिल्ला काय कामाचा?

रावेरची केळी :
मी तापीकाठच्या भाऊंच्या बाजूने आहे. आपल्याकडे गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते, ती आठवा. जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, रोख इनाम देतात, भांडी देतात, लहान पोरांना रेवड्या वाटतात. पण त्याच्या पुढच्या कुस्तीत समोरच्या पहिलवानाचा एक हात बांधून ठेवत नाहीत. आरपीजीतील उपयोगी बक्षीस नेमके हेच करते. मोठी लढत जिंकल्याचा मोबदला म्हणून ते पुढची प्रत्येक लढत मिळमिळीत करून टाकते.

२०२५ मध्ये आलेल्या 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३'मध्ये हे ढळढळीत दिसते. तिसऱ्या अंकात सारा नकाशा मोकळा होतो, आणि ज्याला खेळ मनापासून आवडला आहे तो साहजिकच आधी कोपरा न् कोपरा धुंडाळतो. तोवर एका वाराच्या ९,९९९ नुकसानाची मर्यादाही उठलेली असते. असा खेळाडू सगळ्या ऐच्छिक लढती उरकून शेवटच्या शत्रूपुढे उभा राहतो तेव्हा तो शत्रू धड बोलून होण्याआधीच कोसळतो, आणि इतक्या ताकदीने लिहिलेल्या कथेच्या शेवटाला वजनच उरत नाही. ज्याने खेळावर सर्वाधिक प्रेम केले त्याच्याच वाट्याला सर्वांत फिका शेवट यावा, हा न्याय मला पटत नाही. खेळाडूच्या ताकदीनुसार शत्रूही वाढवावेत, असा उपाय कोणी सुचवेल. पण २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये त्यापायी रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा काचेची महागडी चिलखते घालून फिरू लागले होते.

धुळेकर :
दादा, दंगलीतला पहिलवान इनामाच्या पैशांचे बदाम आणि तूप घेतो, आणि पुढच्या फडात त्या खुराकाच्या जोरावर उतरतो. त्याला कोणी सांगत नाही की इनाम भिंतीवर टांगून ठेव.

भुसावळ जंक्शन :
या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत, ती अशी की बक्षीस आधीपासून ठाऊक असते. मानसशास्त्रात याविषयी एक गाजलेला प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे तीन गट केले. एका गटाला चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्या गटाला ते न सांगता नंतर दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत मुले काय करतात ते पाहिले, तेव्हा आधी कबूल केलेल्या गटाचा चित्रांतला रस घटलेला दिसला; अचानक बक्षीस मिळालेल्या गटाचा तसा घटला नाही. बालवाडीतील मुले आणि सुपरबॉसशी (अशा अतिअवघड ऐच्छिक शत्रूंशी) झुंजणारे खेळाडू यांच्यात अंतर आहे, हे मला मान्य आहे. तरीही बक्षीस उपयोगी आहे की नाही यापेक्षा ते आमिष म्हणून दाखवले होते की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलबरोबर अचीव्हमेंटची (खेळातील ठरावीक कामांबद्दल खेळाडूच्या खात्यावर गुण देण्याची) पद्धत आली, तेव्हापासून कोणत्या कामाला किती गुण हे बहुतेक वेळा आधीच यादीत दिसते, आणि पुष्कळ खेळाडू लढतीकडे न पाहता यादीकडे पाहून खेळतात.

तापीकाठच्या भाऊंचा एक मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. इतिहासाचे पान बक्षीस म्हणून द्यावे, असे ते सहज म्हणून गेले. ज्यांची बोटे तेवढी चपळ नाहीत, ज्यांच्या हाताला दुखणे आहे किंवा जे केवळ कथेसाठी आरपीजी घेतात, त्यांनी खेळाचे पैसे तुमच्या इतकेच मोजलेले असतात. तलवार मिळाली नाही तर त्यांचे काही अडत नाही, कारण ती ज्या लढतीत लागते त्या लढतीला ते जाणारच नसतात. कथेचे तसे नाही. माझ्या मते कुलूप लावायचेच असेल तर ते वस्तूला लावावे, कथेला लावू नये.

तापीकाठचा :
ताई, मुख्य कथेचा तुकडा लढतीमागे दडवा असे मी म्हटलेले नाही. त्या शत्रूचा स्वतःचा इतिहास, तो तिथे का उभा आहे, एवढेच त्याला भिडणाऱ्याला कळावे. जो भिडला नाही त्याला तो प्रश्नही पडलेला नसतो. अनपेक्षित बक्षिसाची कल्पना चांगली आहे, पण खेळ प्रसिद्ध झाल्यावर दोन दिवसांत प्रत्येक पेटीत काय आहे याचे व्हिडिओ येतात. आज गुपित टिकणार कसे?

धुळेकरांनी वेळेचा प्रश्न काढला, त्यावर २००६ च्या 'फायनल फँटसी १२'मधील याझमॅट हा शत्रू आठवतो. त्याचे आयुष्य ५ कोटींहून अधिक, आणि मूळ आवृत्तीत आपल्या एका वाराची कमाल ९,९९९. मध्येच बाहेर पडून सेव्ह करून परत येण्याची मुभा होती, ती नसती तर माणसे जेवायलाही उठली नसती. एवढे करून त्या शिकारीचे इनाम ३०,००० गिल (त्या खेळातले चलन). ही रक्कम दसपट केली असती तरी ती लढत चांगली झाली नसती, कारण तिच्यात नवे काही शिकावे लागत नाही, फक्त तग धरावा लागतो. वाईट लढतीवर बक्षिसाचे पांघरूण घालणे हे मला सर्वांत खटकते.

चाळीसगावकर :
आपण सारे एकदा विकत घेऊन खेळायच्या खेळांबद्दल बोलत आहात. आमच्याकडची बहुसंख्य मुले मोबाईलवर खेळतात, आणि तिथे हा वाद वेगळाच होतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधील स्पायरल अबिस ही मजल्यामजल्यांच्या लढतींची जागा कथेसाठी आवश्यक नाही, म्हणून कागदोपत्री तो ऐच्छिक आहे. पहिल्या आठ मजल्यांचे बक्षीस एकदाच मिळते. ९ ते १२ या मजल्यांचे मात्र ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा मिळत राहते. ते प्रिमोजेम या त्या खेळातल्या चलनाच्या रूपात असते आणि १६० प्रिमोजेमला नवीन पात्रासाठी नशीब अजमावण्याची एक संधी मिळते. नवीन पात्र मिळावे म्हणून अबिस खेळायचा, आणि अबिस जिंकता यावा म्हणून नवीन पात्र मिळवायचे. बक्षीस इतके उपयोगी आहे की ते सोडून देण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही. शिवाय लढत किती वेळात जिंकली यावर गुणांचे तारे ठरतात. मे महिन्यात जळगावच्या उन्हात बाराव्या मजल्यावर फोन तापून चित्र अडखळू लागले की कौशल्य असूनही तारा हातचा जातो. धुळेकरांना उपयोगी बक्षीस हवे आहे, पण ते किती उपयोगी झाले की लढत ऐच्छिक राहत नाही, हेही त्यांनी सांगावे.

धुळेकर :
भाऊ, ज्या वस्तूवाचून खेळात मागे पडायला होते ती ऐच्छिक लढतीत ठेवू नये, हे मला मान्य आहे. राफाएलच्या चिलखताशिवायही खेळ आरामात संपवता येतो; माझी रेषा तिथे आहे.

भुसावळ जंक्शन :
मग 'बाल्डर्स गेट ३'च्याच ऑनर मोड या अवघड प्रकाराबद्दल आपले मत काय? २०२३ च्या नोव्हेंबरअखेर तो पॅचमधून (खेळात नंतर केलेल्या सुधारणेतून) आला. एकच सेव्ह, सारी टोळी मेली की ती मोहीम संपली, आणि मोठ्या शत्रूंना पूर्वी नसलेल्या चाली. शेवटपर्यंत टिकलात तर मिळतो केवळ एक सोनेरी फासा, तोही दिसण्यापुरता. तापीकाठच्या भाऊंना हवे तसेच मानाचे बक्षीस आहे, आणि तरी लोकांनी त्यासाठी रात्री जागवल्या. रात्री अकराला वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरवर जागवल्या, हेही सांगते.

तापीकाठचा :
ताई, माझी बाजू माझ्यापेक्षा आपणच नीट मांडलीत.

धुळेकर :
फाशासाठी कोणी जागले नाही, ताई. ते त्या नव्या चालींसाठी जागले. फासा राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. पण त्या खेळात जुनी सामग्री घेऊन नव्याने सुरुवात करण्याची सोय नाही. ज्याने ऑनर मोड पार केला, त्याला निदान एक वस्तू, त्याने स्वतः निवडलेली, पुढच्या मोहिमेत नेऊ द्यावी. मी राफाएलचे चिलखत नेईन.