शब्दचर्चा: ‘आधुनिक शीप्र’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ता: एका अत्तराचं परीक्षण मराठीत लिहितोय. शनेलचं ‘३१ रू कांबों’, २००७ सालचं. त्याला ‘आधुनिक शीप्र’ म्हणतात. शीप्र हे द्रव्याचं नाव की वासाच्या प्रकाराचं? मराठी शब्द आहे का?

चाफेकळी: प्रकाराचं. फ्रेंचमध्ये शीप्र म्हणजे सायप्रस बेट. अत्तरांत हे नाव आधीपासून होतं, पण १९१७ मध्ये फ्रान्स्वा कोतीने ‘शीप्र’ काढलं आणि त्या घडणीच्या सगळ्याच अत्तरांना ते चिकटलं. वर बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं आंबटसर तेल, मध्ये फुलं, तळाशी लॅबडॅनमची राळ आणि ओकमॉस. १९१९ मध्ये गर्लें या फ्रेंच अत्तर कंपनीच्या ‘मित्सुको’त याच घडणीत पीचचा वास आला. शब्द तसाच ठेवा. ‘सायप्रशी’ वगैरे केलंत तर वाचक बुचकळ्यात पडेल.

रानभूल: ओकमॉसला मात्र ‘शेवाळ’ लिहू नका. ते शैवाक आहे, बुरशी आणि शैवाल यांची जोडगोळी. आपलं दगडफूलही शैवाकच, जात वेगळी. गोड्या मसाल्यासाठी दगडफूल तेलावर परतताना जो मातकट, लाकडी, किंचित तुरट वास सुटतो, तो आठवला की ओकमॉसचा अंदाज येतो. ‘तुरट’ हाच शब्द वापरा, ‘कडवट’ नको.

तिरकस: पण ‘३१’ ओकमॉसशिवायच बांधलंय ना? मग शीप्र कसलं? मसाल्याशिवाय मिसळ!

रानभूल: ओकमॉसमधल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या दोन द्रव्यांची ॲलर्जी होते, म्हणून त्याच्या वापरावर आधीपासूनच मर्यादा होत्या. २०१७ मध्ये युरोपीय संघाने या दोन्हींवर बंदी घातली, आणि २०२१ पासून ती असलेला माल विकताही येत नाही. ओकमॉसवर बंदी नाही, शुद्ध केलेला अर्क चालतो. तरी बऱ्याच नव्या शीप्रांत तळाचा भार पाचोलीवर टाकतात. पाचोली म्हणजे आपली पाच, वेणीत दवणा-मरव्याबरोबर माळतात ती.

म्हणून माझ्या मते घटकांची यादी बघून निकाल देऊ नये. वरचा उजळ, आंबटसर वास आणि खालचा काळसर, तुरट वास यांची ओढाताण शेवटपर्यंत टिकते का, हे बघावं. ‘३१’ मनगटावर लावलं की आधी बर्गमॉट आणि मिरीचा झणका, मग आयरिस या फुलझाडाचा कोरडा, पावडरीसारखा थर, आणि खालून पाचोली वर येते. ओढाताण आहे, पण तुरटपणा कमी आणि गुळगुळीतपणा जास्त. मी याला शीप्रच म्हणेन, ‘मित्सुको’पेक्षा सौम्य. नुसती पाचोली आणि साखर घालून वर शीप्रचं लेबल लावलेली अत्तरंही निघतात, त्यांना म्हणणार नाही.

तिरकस: मला अजून पटलेलं नाही. ‘शीप्र वळणाचं’ म्हणा फार तर.

चाफेकळी: ‘वळणाचं’ चांगलं आहे, परीक्षणात चालेल. आणि शेवटी अंगावर उरतो त्याला ‘अंतिम गंध’ नको, पाठ्यपुस्तकी वाटतं. ‘बसलेला वास’ लिहा. ‘घमघमाट’ही या अत्तराला नको. ते अंगालगत राहतं, फार तर ‘मंद दरवळ’.

प्रश्नकर्ता: ‘शीप्र वळणाचं, बसलेला वास पाचोलीचा’ असं लिहितो. तुरटपणा कमी पडल्याचा मुद्दाही घेतो, मलाही तसंच वाटलं होतं.