माणूस गेल्यानंतरची कागदपत्रं: तुमचे अनुभव लिहा

पारिजात
बाबांच्या नंबरचं रिचार्ज संपत आल्याचा मेसेज आला आणि नेहमीसारखं मी भरून टाकलं. भाऊ म्हणतो, आता तरी बंद कर. पण बँक, विमा, गॅस, म्युच्युअल फंड, सगळीकडे तोच नंबर दिलेला. कुठून कसलं पत्र येतंय, कुठला हप्ता कापला जातोय, हे आम्हाला त्या फोनवरच्या मेसेजांमुळेच कळलं. सुतकात भेटायला येणारे सगळे आत्मा अमर आहे सांगत होते. शेजारच्या काकू तेवढ्या जाताना दारात म्हणाल्या, "फोन बंद करू नका हो एवढ्यात."

तर ही जी रडायलाही फुरसत न देणारी धावपळ असते, दाखले, बँक, पेन्शन, सातबारा, तिचे अनुभव लिहा. सल्ले चालतील, पण आधी तुमच्याकडे काय झालं ते.

खमंग_भाजणी
मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा. भरपूर म्हणजे दहा तरी. झेरॉक्स देऊन भागेल म्हणतात आणि खिडकीवर गेलं की मूळ प्रत मागतात.
आणि नाव! आई आधारवर सुमन, पासबुकात सुमनबाई, गावच्या उताऱ्यावर माहेरचं नाव. तिघी एकच हे सांगायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ती असती तर खो खो हसली असती. दवाखान्यात फॉर्म भरतानाच स्पेलिंग आधारशी ताडून घ्या, नंतर दुरुस्तीला फार फिरवतात.

टेकडीवरून
+१. आमचे आजोबा घरीच गेले, पहाटे. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना कळवतो, घरी झाला तर आपण कळवायची, हेच माहीत नव्हतं. मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टर लागतो आणि नेहमीचे डॉक्टर नेमके परगावी. दुसरे म्हणाले, मी पेशंट कधी तपासलाच नाही, सही कशी करू? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांच्या असिस्टंटने जुनी फाइल काढून दिली.
२१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्क नाही. वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्यामुळे दिवसकार्य होईपर्यंत थांबू नका.

मोरपंखी
पारिजात 🙏 वाचून बाबांची आठवण आली. सध्या एवढंच, कुकर लावलाय.

हिशेबी_माणूस
दोन गोष्टी.
गेलेल्या माणसाच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. पिन माहीत आहे, खर्च त्यांच्यासाठीच आहे, सगळं मान्य. तरी उद्या दुसऱ्या वारसाने विचारलं तर उत्तर नसतं. आमच्यात याच कारणावरून दोन भाऊ बोलत नाहीत.
दुसरं, पासबुक ओळ न् ओळ वाचा. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती या सरकारी योजनेचा विमा असतो, त्याचे २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर अपघात विमा. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरात पत्ता नसतो. आमच्या मामींना असेच मिळाले.

खमंग_भाजणी
@हिशेबी ४३६ चं माहीतच नव्हतं! आत्ताच सासऱ्यांचं पासबुक काढते. (ते ठणठणीत आहेत, समोरच बसलेत, का बघतेयस विचारतायत 😬)

नाना_शिवारातले
शेताचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. वडील गेल्यावर वारस नोंदीला तलाठ्याकडं अर्ज द्यावा लागतो, तीन महिन्यांत कळवायचं असा नियम हाय. आता ई-हक्क ह्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण होतं. आधी वारस रजिस्टरला नाव, मग फेरफार म्हंजे उताऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, मग नोटीस, कुणाची हरकत नसली की मंडळ अधिकारी मंजूर करतो.
आमच्यात चुलते म्हणाले आजोबांच्या जमिनीला आत्याबाईंची नावं कशाला, त्यांची लग्नं झाली. म्हणलं लग्न झालं म्हणून लेक वारस राहत नाही का? नावं लावलीच. मग धाकट्या आत्यानं स्वतःहून हक्क सोडला, थोरलीनं नाही सोडला. तिचा हक्क हाय, तिची मर्जी. चुलते अजून माझ्यासंगं बोलत नाहीत, बांधावरून जाताना तोंड फिरवतात.
हक्कसोड पत्र नोंदणी करूनच करा. साध्या कागदावर सही घेऊन ठेवलेली पुढं उपयोगी येत नाही.

टेकडीवरून
नाना, थोरल्या आत्यांना माझा नमस्कार सांगा.

संध्याछाया
माझे मिस्टर नोकरीत असतानाच गेले. पीएफचे पैसे मिळतात एवढंच ठाऊक होतं. त्याला जोडून विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, आणि विधवेला पेन्शन वेगळी, हे ऑफिसमधल्या एका मुलीने घरी येऊन सांगितलं. तिनेच फॉर्म भरले, मी फक्त जिथे बोट ठेवील तिथे सही करत होते. त्या दिवसांतलं बाकी फारसं आठवत नाही. तिचा डबा मात्र आठवतो, रोज अर्धा तसाच परत न्यायची.

पारिजात
संध्याताई ❤️

अर्धवटराव
आमच्या तीर्थरूपांनी एक वही करून ठेवली होती, सगळे पासवर्ड. उघडली तर प्रत्येक पानावर "नेहमीचा".

मोरपंखी
😂😂 आमच्याकडे "तुला माहीत आहे तोच"
कुकर झाला. बँकेत आईचं नाव नॉमिनी होतं, तर ती म्हणायची पैसे माझे. भाऊ म्हणाला सगळ्यांचे. खरं काय?

हिशेबी_माणूस
बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणजे बँकेने कोणाच्या हातात पैसे द्यायचे तो माणूस. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. पण तुमच्या आई स्वतःही वारस आहेतच, तेव्हा भावाला म्हणावं जरा दमानं.
जुन्या ठेवी सापडत नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून बघा. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी तिथे दिसू शकतात.

गोधडी
थोडं अवांतर. आम्ही सासूबाईंचे नेत्रदान केले. सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून पंखा बंद करून डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते तरी चालले. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, अर्ध्या तासात होते. नणंदेने खूप विरोध केला, आता तीच सगळ्यांना सांगत फिरते.

अर्धवटराव
गोधडी, अवांतर कसलं, हे तर पहिलं लिहायला हवं होतं.

मोरपंखी
नाना ते हक्कसोडचं सविस्तर लिहा ना, स्टॅम्प किती, कुठे जायचं. आमचंही तेच घोंगडं भिजत पडलंय

नाना_शिवारातले
लिहितो ताई. आधी तूर मळून होऊ द्या, मजूर उद्याच येतो म्हणलाय.