मुंबई रेडिओ केंद्र १९३० मध्ये बुडालं: दोष कंपनीचा की सरकारचा?

लहरी_माणूस: २३ जुलैला राष्ट्रीय प्रसारण दिन आला की तेच वाक्य फिरतं: १९२७ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. ते केंद्र सरकारी नव्हतं, हे कुणी सांगत नाही. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. महिन्याभरात कलकत्त्याचं केंद्रही निघालं आणि मार्च १९३० मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. माझ्या मते दोष कंपनीचाच. दीड किलोवॅटचा मीडियम वेव्ह (मध्यम लांबीच्या रेडिओ लहरींचा) ट्रान्समीटर, भरवशाचा पल्ला जेमतेम ३० मैल. नाव ‘इंडियन’ आणि आवाज कल्याणपर्यंत! पुणंसुद्धा बाहेर.

जुना_व्हॉल्व्ह: पल्ला वाढवायला पैसा लागतो, साहेब. रेडिओ ऐकायला श्रोत्याने काढायचा परवाना वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. १९२९ अखेर देशभरात परवाने ७,७७५. गुणून बघा: ६२,२०० रुपये. त्यात दोन केंद्रं वर्षभर चालवायची. गवई, वादक, इंजिनियर, वीज सगळं आलं. आयात रेडिओ संचांच्या किमतीवर १० टक्के कंपनीला मिळायचे, पण संचच विकले जात नव्हते. परवाना न काढता फुकट ऐकणारे वेगळेच. त्यांना पकडणं कंपनीच्या हातात होतं का?

लहरी_माणूस: संच विकले जात नव्हते, कारण ऐकू येत नव्हतं. मुळाशी पल्लाच.

गॅलेना: थोडं तांत्रिक. ३० मैल हा जमिनीलगत जाणाऱ्या लहरींचा हिशोब. रात्री मीडियम वेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जाते. मात्र ती मध्येच विरते, मध्येच चढते, गाण्याची पार वाट लागते. त्यात आपल्याकडच्या विजांची खरखर. (उद्घाटनाला भर पावसाळा कुणी निवडला कोण जाणे.) शिवाय स्फटिकाच्या स्वस्त संचाला वीज लागत नसे, पण तो आवाज मोठा करत नाही. कानाला हेडफोन लावायचा आणि केंद्राजवळ राहायचं. लांबच्यांना व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) महाग संच घ्यावा लागे. त्यामुळे पल्ला आणि किंमत हे दोन वेगळे मुद्दे नाहीतच.

जुना_व्हॉल्व्ह: अगदी. आणि कंपनीच नालायक होती म्हणता, तर पुढचं बघा. १ एप्रिल १९३० पासून तीच केंद्रं सरकारने चालवायला घेतली. १९३१ मध्ये सरकारनेही ती बंद करायचं ठरवलं होतं! श्रोते आणि रेडिओ विक्रेते ओरडले म्हणून निर्णय फिरला. कंपनीला जे जमलं नाही, ते तिजोरी हाताशी असूनही दीड वर्षात जड झालं.

लहरी_माणूस: हे मान्य. पण १९३२ अखेरीस बीबीसीची एम्पायर सर्व्हिस (साम्राज्यातल्या देशांसाठीचं प्रसारण) लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर आली आणि इथले परवाने वाढले. ऐकण्याजोगं काही मिळालं की लोक पैसे मोजतात.

जुना_व्हॉल्व्ह: वाढले, पण लंडन ऐकायला. त्याच वर्षी सरकारने संचांवरची आयात जकात २५ वरून ५० टक्के केली होती. हीच वाढीव जकात १९२८ मध्ये लावून कंपनीला दिली असती तर?

लहरी_माणूस: खासगी कंपनीसाठी सरकारने जकात वसूल करायची? छान!

गॅलेना: १० टक्के तर तेव्हाही मिळतच होते की. तत्त्व आधीच मोडलं होतं, वाद फक्त आकड्याचा.