प्रतिसाद: डॅशबोर्डवर गावात नळजोडण्या १०० टक्के, मग मेमध्ये टँकर का, या प्रश्नावर
जलजीवन मिशन म्हणजे ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्याची केंद्राची योजना. तिच्या डॅशबोर्डवरचा हा आकडा नळजोडण्यांचा; मेमध्ये नळाला पाणी येतं का, ते त्यात दिसत नाही. कोकणात जांभ्यातून (सच्छिद्र तांबड्या खडकातून) पाणी झपाट्याने निघून जातं, त्यामुळे ऑक्टोबरची नोंद मेमध्ये निरुपयोगी. आणि गावाच्या सरासरीत सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) कोरडी वाडी दिसतच नाही!

नोंद वाडीनिहाय ठेवा. शेवटच्या नळावर १५ लिटरची बादली भरायला ३ मिनिटं लागली, तर मिनिटाला ५ लिटर. योजनेच्या निकषाप्रमाणे रोज दरडोई ५५ लिटर धरले तर चौघांना २२० लिटर, म्हणजे ४४ मिनिटं. पाणी अर्धा तासच सुटत असेल तर निकष कागदावरच.

खाडीलगतच्या विहिरीत क्लोराइड (खारं पाणी शिरल्याची खूण) उन्हाळ्यातच तपासा. २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर चढत गेलं तर उपसा कमी करा. पावसाळ्यातला नमुना काय, गोडच निघणार.